भोकाचा पैसा

माझ्या धाकट्या भावाशी माझं कधी पटलं नाही. आजही पटत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा असा समज नको व्हायला की म्हातारपणी मला त्याचा पुळका आलाय. तो तोंडाळ आहे, हेकट आहे, आणि समोरच्याला अक्कल नाही असं धरूनच बोलायला सुरुवात करतो. पण सात वर्षांपूर्वी आमच्या भाचीचा लॅपटॉप त्याच्यामुळे जळला नव्हता. माझ्यामुळे जळला. मी खोटं बोललो आणि त्याची शिक्षा तो भोगत राहिला.

शिक्षा अशी, की आमची बहीण भाऊबीजेला त्याला ओवाळत नाही.

आम्ही तिघं भावंडं. मी थोरला, मग बहीण, मग हा. बहीण काळाचौकीला राहते. त्या पहिल्या वर्षी तिने नेहमीसारखे दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली, आणि भाऊ दारात चपला काढत असताना त्याच्या वाटचा पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाली, "ज्याने माझ्या पोरीचं वर्ष खाल्लं, त्याला मी ओवाळणार नाही." त्याची एक चप्पल निघाली होती. ती त्याने परत पायात घातली आणि तो जिना उतरून गेला. मी पाटावर बसलो. तिने मला कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी भरवली. मी ती चावून खाल्ली. अशा सात भाऊबिजा झाल्या.

आता मुळापासून सांगतो.

ठाकूरद्वारला एका वाडीच्या तोंडाशी, जिन्याखाली माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. धाकट्याला काम मीच शिकवलं. सोल्डरिंगचं आयर्न कसं धरायचं इथपासून. पुढे लोक टीव्ही दुरुस्त करायचे बंद झाले, बिघडला की नवा आणायला लागले, तेव्हा याने लॅपटॉपचं काम सुरू केलं, माझ्याच टेबलाच्या अर्ध्या भागावर. थोड्याच दिवसांत त्याच्या अर्ध्या टेबलासमोर गिऱ्हाइकं उभी आणि माझ्या अर्ध्यावर धूळ. वर मला ऐकवायचा, "दादा, त्या बोर्डाला हात नको लावूस हां. हा तुझा ब्लॅक अँड व्हाइट नाही." गिऱ्हाइकासमोर. मी हसायचो. हसलो की लोकांना वाटतं, लागलं नाही.

भाची ही बहिणीची एकुलती एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. ती तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. सबमिशन आठवड्यावर आलं आणि तिच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभ्या रेषा आल्या, मग चौकडी आली, मग स्क्रीन काळी झाली. आतली ग्राफिक्स चिप, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी चिप, गेली होती. फाइली शाबूत होत्या, पण तिचं काम म्हणजे आखलेली इमारत रंग-उजेडासकट चित्रात उभी करायची. ते त्या चिपेवाचून होत नाही, आणि वर्गातला प्रत्येक जण त्याच कामात, त्यामुळे कुणी आपलं मशीन देईना.

धाकट्याने जुनी चिप काढून नवी बसवली. नीट बसवली. मी बाजूला बसून बघत होतो, त्याच्या कामात मला खोट काढता आली नाही, आणि त्याचाही मला राग आला. एकच गोष्ट राहिली होती. चिपेवर तांब्याची एक पट्टी बसते, ती चिपेचा ताप ओढून पंख्याकडे नेते. या मॉडेलमध्ये चिप आणि पट्टी यांच्यात फट राहते, ती भरायला मऊ पॅड लागतं. जुनं पॅड फाटलं होतं, नवं दुसऱ्या दिवशी येणार होतं. तेवढ्यात त्याच्या सासऱ्यांना रत्नागिरीला अ‍ॅडमिट केल्याचा फोन आला आणि तो निघाला. जाताना त्याने उघड्या लॅपटॉपवर चिठ्ठी चिकटवली: 'दादा, पॅड बसवल्याशिवाय झाकण लावू नको. हात लावू नको.'

दुसऱ्या दिवशी पॅड आलं नाही. भाची आली.

"मामा, आज न्यायलाच हवा रे. चारच दिवस राहिलेत."

"धाकटा म्हणतो पॅड हवं."

"मग?"

"मग काय! पॅडला काय सोनं लागलंय? चहा पिऊन ये. दहा मिनिटांत देतो."

ती गेल्यावर मी चिठ्ठी काढली आणि फाडली. दुकानातल्या देवाच्या फळीवर लक्ष्मीच्या तसबिरीपुढे इंग्रजांच्या काळातला तांब्याचा एक भोकाचा पैसा असे. आमचे वडील गिरणीत लागायला कोकणातून पहिल्यांदा मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या कनवटीला होता तो. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागायचं. मागे एकदा एका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मी ताप ओढणाऱ्या पत्र्याऐवजी तांब्याचं जुनं नाणं बसवलं होतं आणि तो पंधरा वर्षं वाजला, हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. म्हटलं, तांबं ते तांबं. शिवाय वडिलांचा पैसा, लक्ष्मीपुढचा, पोरीच्या कामाला यश देईल. हे मी मनाशी खरंच बोललो होतो. पण खरं कारण ती चिठ्ठी. 'हात लावू नको' हे त्याने मला लिहून ठेवावं!

पैसा फटीत बरोब्बर बसला. मी वरखाली ताप पुढे नेणारी करडी पेस्ट थापली, स्क्रू आवळले, चालू करून पाहिला. स्क्रीन लख्ख आली. भाचीने मला दुकानातच वाकून नमस्कार केला.

चिपेच्या मधोमध चौकोनी काळा गाभा असतो. ताप सगळा तिथे असतो. माझ्या पैशाचं भोक नेमकं त्या गाभ्यावर आलं होतं. म्हणजे तांबं भोवती, आणि जिथे हवं तिथे नुसती पेस्ट.

दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप छातीशी धरून आली. चेहऱ्यावरूनच कळलं. मी म्हटलं, ठेव, बघतो. ती समोर स्टुलावर बसून रडत होती, आणि मी लॅपटॉपच्या उघड्या पोटावर वाकून पैसा चिमट्याने उचलला, खिशात टाकला आणि म्हणालो, "धाकट्याने बसवलेली चिप गेली गं."

घरी गेल्यावर तो पैसा मी स्पिरिटने स्वच्छ धुतला आणि दुसऱ्या दिवशी परत लक्ष्मीपुढे ठेवला.

तिचं वर्ष गेलं. धाकटा परत आला तो थेट काळाचौकीला गेला, मलाही बहिणीने बोलावलं होतं. त्याने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून लॅपटॉप उघडला. पट्टी उलटी केली आणि थांबला. तिच्यावर करड्या पेस्टमध्ये गोल उमटला होता, गोलात आणखी एक गोल.

"दादा, इथे काय ठेवलं होतंस?"

"मी काय ठेवणार? मी फक्त स्क्रू आवळले."

"पॅड कुठाय?"

"मला काय विचारतोस? चिप तू बसवलीस."

"चिठ्ठी लिहिली होती मी."

"कसली चिठ्ठी?"

तेवढ्यात बहीण कडाडली, "बास झालं! दादावर ढकलू नकोस. त्याने जन्मभर लोकांची मशिनं सुधारली, एकाची तक्रार नाही. तू चार दिवस लॅपटॉप शिकलास आणि माझ्या पोरीवर हात साफ केलास." मग त्याने स्क्रूड्रायव्हर गोळा केले आणि गेला. आठवड्याभरात त्याने दुकानातलं अर्धं टेबल रिकामं केलं आणि लालबागला घराखालीच काम सुरू केलं. ठाकूरद्वारचं दुकान मी वर्षभराने बंद केलं. पैसा घरच्या देव्हाऱ्यात आला.

एका वर्षाने भाची पास झाली. आता चांगल्या ऑफिसात आहे. यंदा गणपती झाल्यावर तिचा फोन आला. "मामा, घर आवरतेय. तो जुना लॅपटॉप आई टाकू देत नाही. म्हणते राहू दे, कुणी काय केलं ते लक्षात राहील. तू घेऊन जातोस का? नाहीतर मी गुपचूप भंगारात देते." मी त्याच दिवशी जाऊन घेऊन आलो. भंगारात गेला असता तर माझं बरंच झालं असतं. तो विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

गिरगावात घरी टेबलावर दिवा ओढून बसलो. बॅटरी काढली, मागचे स्क्रू काढले, आखणी करून कागदावर ओळीने ठेवले, कीबोर्ड उचलला, पंखा सोडवला. जे पूर्वी दहा मिनिटांत व्हायचं त्याला दीड तास लागला. एक स्क्रू हातातून सुटून लाद्यांवर गेला, तो गुडघ्यावर बसून शोधला. पट्टी उलटी केली. गोल तसाच होता, वाळून पांढरा पडलेला. देव्हाऱ्यातून पैसा आणून त्यावर ठेवला. काठाला काठ लागला.

आधी ठरवलं, आपणच करू. गरम हवेने चिप शेकली की ती काही दिवस पुन्हा चालते. बाजारात असं शेकून देणारे खूप आहेत. शेकायचा, बहिणीपुढे चालू करून दाखवायचा, म्हणायचं, बघ, झालं गेलं सोडून दे, त्यालाही ओवाळ. काही कबूल न करता दोघांना एकत्र आणल्याचं पुण्य पदरात. हवेची बंदूक हातात घेईपर्यंत मी यावर खूश होतो. मग लक्षात आलं, मी परत तेच करतोय, आणि ती खाली ठेवली.

लॅपटॉप पिशवीत भरून लालबागला गेलो.

"कशाला आलास?" धाकट्याने मान वर न करता विचारलं. मी पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो ओळखला. हात लावला नाही.

"खोल."

"मी?"

"तूच. माझ्यासमोर खोल."

मी खोलला. तो बघत होता, मदतीला आला नाही. पट्टी उलटी केली आणि गोलावर पैसा ठेवला. तो वाकला. मग हसायला लागला, वाईट हसला.

"भोकाचा पैसा? बाबांचा? सात वर्षं मी डोकं खाजवतोय! वॉशर असेल म्हटलं, बाटलीचं झाकण ठोकून सपाट केलं असेल म्हटलं. अरे, निदान भोक कुठे येतंय ते तरी बघायचं!"

"पॅड आलं नव्हतं."

"मग थांबायचं."

"पोरीला घाई होती."

"पोरीला होती का तुला?"

"मला," मी म्हणालो.

तो उठला, कपाटातून एक लहान डबी काढली, टेबलावर आपटली. आत त्याच मॉडेलची चिप, कोरी. "तेव्हाच आणली होती. पुन्हा बसवून दाखवणार होतो ताईला. तिने लॅपटॉपच दिला नाही. म्हणाली, तुझा हात नको." डबी त्याने परत उचलली. "इतकी वर्षं मुंबईच्या हवेत राहिलीय, दमट झाली असेल. तशीच तापवली तर लाहीसारखी फुटेल. आधी भाजावी लागेल. बस."

चिप छोट्या भट्टीत मंद आचेवर ठेवली. पाच तास मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो. मधे वरून त्याचा डबा आला, माशाची कढी आणि भात. माझ्यासमोर बसून तो जेवला, मला विचारलं नाही. आमच्यात दारावर आलेल्या वैऱ्यालाही जेव म्हणतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

मग त्याने बोर्ड मशीनवर चढवला. खालून शेक, वरून गरम हवा, तापमानाचा आकडा हळूहळू चढत गेला. जळकी चिप त्याने नुसती उचलली, खालचे शेकडो बारीक ठिपके कथिल ओढून साफ केले, वर कथिल नीट धरावं म्हणून चिकट फ्लक्स लावला. नवी चिप भिंग डोळ्याला लावून रेषेला रेष जुळवून ठेवली.

"ही ताप मोजायची वायर धर. हलवू नकोस. श्वास पण घेऊ नकोस."

"मेलो तर?"

"चिप बसल्यावर मर."

चिपेखालचं कथिल वितळलं तेव्हा चिप केसभर हलून आपोआप जागेवर बसली. मी जन्मभर हाताने सोल्डर केलं, असं कधी पाहिलं नव्हतं. चांगलं झालं असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. बोर्ड थंड झाल्यावर त्याने निळं पॅड काढून कात्रीने चौकोन कापला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे. एवढंच लागत होतं."

स्क्रीन लागली. भाचीचं फोल्डर तिथेच होतं, 'फायनल', 'फायनल दोन', 'आता खरंच फायनल'. त्याने तासभर चित्राचं काम लावून ठेवलं. स्क्रीनवर एक रेषसुद्धा आली नाही.

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस? मला माहीतच होतं. तिला सांग. भाऊबीजेला सांग, आणि पाटावर बसायच्या आधी. कुंकू लावून घेऊन, करंजी खाऊन मग तोंड उघडलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"तू ये त्या दिवशी."

"तिने बोलावल्याशिवाय? पुन्हा एक चप्पल काढून दारात उभा राहू?"

भाऊबीजेला मी पैसा खिशात आणि लॅपटॉप पिशवीत घेऊन काळाचौकीला गेलो. एक पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. बहीण तबक घेऊन उभी, भाची मोबाइलवर फोटो काढायच्या तयारीत.

"बस ना दादा. निरांजन विझेल."

मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि चालू केला. भाची ओरडली, "चालू झाला? कुणी केला?"

"धाकट्याने. तेव्हाही त्याने चांगलाच केला होता." मग पैसा पाटावर ठेवून मी सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून चिमट्यापर्यंत. उभ्यानेच सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मला वाटायचं, फार वेळ लागेल.

पहिली भाची बोलली. "मी तुझ्यासमोर रडत होते, मामा. तेव्हा तू तो खिशात टाकलास?"

"हो."

"मी सगळ्या कॉलेजला सांगितलं होतं, धाकट्या मामाकडे काही देऊ नका. किती जणांना मी परत पाठवलं."

बहीण मालवणीत फक्त आईशी बोलायची. आई गेल्यावर मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. "सात वर्सां माझ्या हातचां खालंस," ती म्हणाली. "तुका लाज कशी नाय वाटली रे?"

लाज वाटायची, पण तरी बसायचो, हे काय उत्तर झालं?

तिने निरांजन फुंकलं नाही. तबकावर दुसरं ताट पालथं घालायला गेली, मग वात विझेल म्हणून ते ठेवून दिलं आणि पदराचा आडोसा धरला. "करंज्यांचा डबा घे," ती भाचीला म्हणाली. "आणि तो पाट घे, भिंतीचा."

"आई, पाट? रस्त्याने?"

"लालबाग काय काशीला आहे? चल."

भाचीने भिंतीचा पाट बगलेत धरला. सात वर्षं तो तिथेच टेकलेला होता, मागे भिंतीला रंगाचा वेगळा चौकोन पडला होता. मी विचारलं, "मी येऊ?"

बहीण दारात थांबली. वळली नाही. "तो पैसा उचल माझ्या घरातून. परत देवात ठेवू नकोस. आणि जाताना दार ओढून घे."

जिन्यावरून दोघींच्या चपलांचा आवाज खाली गेला. खालून कुणीतरी विचारलं, "काय ताई, तबक घेऊन कुठे?" तिने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

लॅपटॉपचा पंखा चालू होता. मी लॅपटॉप बंद केला आणि टेबलावर ठेवला. पैसा खिशात टाकला. रांगोळीतला पाट उचलला, भिंतीवरच्या त्या चौकोनावर टेकवून ठेवला, आणि दार ओढून घेतलं.